काचपेटीतील झिंगे

काचेच्या पेटीत पाण्यातील प्राणी पाळणे ही शहरातील धनिकांची हौस आहे, खेडेगावात तिचे काय काम, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. तो खोडून काढण्यासाठी नव्हे, परंतु आमच्या ओसरीवरील पेटीसंबंधी इतक्या जणांनी विचारणा केली आहे की, तिची हकीकत एकदाची लिहून काढणे बरे.

पेटी दीड फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच. माती, वाळू व वरची मोकळी जागा सोडली तर तीत तीसेक लिटर पाणी मावते. रंगीबेरंगी मासे तीत नाहीत. आहेत ते बोटाच्या पेराएवढे झिंगे, पाण्याइतकेच पारदर्शक. समुद्रकाठच्या वाचकांस कोळंबी, करंदी, जवळा अशी नावे ठाऊक असतात. इकडे रामपायलीकडे लहानमोठ्या सर्वांस झिंगा हे एकच नाव पुरते. आठवडी बाजारात त्यांची सुकट मिळते, आणि गरिबाच्या घरी भाताबरोबर तीच कालवण होते. म्हणून पेटी मांडली तेव्हा आमच्या ओळखीचे एक वृद्ध ढीमर बाबा हसून म्हणाले, "फादरजी, झिंगे खायाचे असतेत, पाहायाचे नसतेत."

परंतु पाहिल्यावाचून काही गोष्टी कळत नाहीत हेही खरे. 1849 साली लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एका मोठ्या काचपात्रात दोन लहान सोनमासे आणि फितीसारख्या लांब पानांची एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने पाण्यात प्राणवायू सोडावा व माशांनी तो घ्यावा, अशी त्याची कल्पना. काही दिवसांनी पाने कुजू लागली व पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने खाऊन टाकली, आणि पाणी पुन्हा निवळले. मासा, वनस्पती आणि सफाई करणारा जीव असे तिघे जमले तेव्हा कोठे संसार चालला. पुढे 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि आपल्या मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय झाले. वॉरिंग्टनच्या त्या वनस्पतीस शास्त्रज्ञ व्हॅलिस्नेरिया म्हणतात. तिच्याच गोत्रातील वनस्पती आमच्या तलावांत आपोआप उगवते, आणि आमची मुले ती पायात अडकते म्हणून उपटून फेकून देतात!

पेटीची मांडणी अशी केली. तळाशी तलावातील गाळ एक इंच, त्यावर चंदन नदीची वाळू दीड इंच. वाळू सात-आठ पाण्यांनी धुतली. मग गाळात व्हॅलिस्नेरियाची मुळे रोवली, मागच्या बाजूस हायड्रिलाच्या काड्या खोचल्या, आणि ताटलीवर धार धरून हळूहळू पाणी भरले, म्हणजे वाळू उकरली जात नाही. पाणी हातपंपाचे. त्यात चुन्याचा अंश असतो, आणि झिंग्याच्या कवचास चुना लागतोच. नळाचे किंवा ब्लीचिंग पावडर टाकलेल्या विहिरीचे पाणी असेल तर ते उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवून मग वापरावे. पेटी खिडकीच्या उजेडात असावी, उन्हात नव्हे. ऊन लागले की काच हिरवी होते.

एवढे झाल्यावर मुले झिंगे सोडावयास उतावीळ झाली. त्यांस पाच आठवडे थांबवून ठेवणे हे ह्या उद्योगातील सर्वांत कठीण काम. प्राण्याच्या मलमूत्रापासून व कुजक्या अन्नापासून पाण्यात अमोनिया तयार होतो, आणि तो झिंग्यास विष आहे. वाळूवर व पानांवर दोन प्रकारचे सूक्ष्म जंतू वाढतात: एक अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र थोडे असेल तर चालते, आणि वनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात. हे जंतू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ते डोळ्यांस दिसत नाहीत. मुले रोज येऊन रिकाम्या पाण्याकडे पाहत, आणि "आज सोडायचे का, फादर?" असे विचारून परत जात. धान पेरल्यावर दुसऱ्या दिवशी लोंबी शोधणारा शेतकरी अद्याप जन्मावयाचा आहे, असे त्यांस सांगावे लागे.

झिंगे बाबांनीच हातजाळीने धरून आणले. त्यांत निवड करावी लागली. ज्यांचे पुढचे चिमटे लांब असतात ते भांडखोर, लहान पेटीत एकमेकांचे पाय तोडतात. ते परत तलावात गेले. आखूड चिमट्यांचे बारा तेवढे ठेवले. शहरात तांबडे, पिवळे, निळे झिंगे विकतात. ते तैवान व चीनकडील एका जातीचे, माणसाने निवडून निवडून रंगविलेले. दिसावयास ते सुंदर खरे. तथापि ते कोणी घेतले तर कंटाळा आल्यावर गावच्या तळ्यात ओतू नयेत. परक्या जीवाने तळ्यात काय उलथापालथ होईल, ते आधी सांगता येत नाही.

त्यांचे खाणे फारच थोडे. पानांवर साचलेला बुळबुळीत थर ते दिवसभर खुरडत असतात. बदामाच्या झाडाचे वाळलेले पान पेटीत टाकले की आठवडाभर ते त्यावरच बसलेले असतात. वरून भात, पोळी टाकू नये. झिंगे उपासमारीने क्वचित मरतात, उरलेल्या अन्नाच्या कुजण्याने पुष्कळ मरतात. मे महिन्यात बालाघाटचा पारा चढतो तेव्हा पेटीच्या तीन बाजूंस ओले पोते गुंडाळावे, जसे आपण माठास करतो.

एके सकाळी एक लहान मुलगी रडत आत आली. "फादर, आपला झिंगा मेला!" जाऊन पाहिले तो वाळूवर एक झिंगा निपचित पडलेला, काचेसारखा पांढुरका, मिशा, पाय, डोळे सर्व जागच्या जागी. परंतु ते नुसते कवच होते. झिंगा अंगाने वाढतो, त्याचे कवच वाढत नाही; म्हणून दर काही आठवड्यांनी तो पाठीवर फट पाडून जुन्या कवचातून बाहेर येतो, आणि नवे कवच कठीण होईपर्यंत हायड्रिलाच्या दाटीत लपून राहतो. त्या वेळी तो इतका मऊ असतो की, कोणीही त्यास खाऊन टाकावे. टाकलेले कवच काढू नये, झिंगे ते खाऊन त्यातील चुना परत मिळवितात. मुलीची समजूत पटली ती लपलेला झिंगा दाखविल्यावरच.

तांब्याची गोष्ट मात्र सर्वांनी ध्यानात धरण्याजोगी आहे. झिंग्याच्या रक्तात आपल्याप्रमाणे लोह नसून तांबे असते, त्यामुळे ते निळसर दिसते. आणि तरीही पाण्यात तांब्याचा अंश थोडासा वाढला की तो मरतो. आमच्या ह्या जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे, आणि घरोघरी तांब्याचे हंडे आहेत. त्या हंड्यात साठविलेले पाणी आपल्यास चालते, झिंग्यास चालत नाही. मोरचुदाचे औषध फवारलेल्या बांधावरील पाने पेटीत घालू नयेत. डास मारण्याची कॉइलही त्या खोलीत लावू नये. किड्यांस मारणारे ते औषध झिंग्यासही मारते, कारण तोही त्यांचाच दूरचा नातलग.

चौथ्या महिन्यात एका मादीच्या पोटाखाली हिरवट अंडी दिसली. ती पायांनी त्यांस सारखा वारा घालीत होती. पुढे हायड्रिलात तांदळाच्या कणीहून बारीक पिले दिसू लागली. बाबा उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. ती पिले मोकळ्या पाण्यात एक क्षणही थांबत नव्हती. एका काडीवरून सुटली की लगेच दुसरीस धरीत. बाबा म्हणाले, "पान्यात घास नसन, तं झिंगा राहीन कुठी?"

हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले नव्हते. जवळच्या एका गावी मालगुजारीच्या काळातील तलाव आहे. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि आज तेथे मच्छीमारांची सहकारी संस्था कटला, रोहू व मृगळ सोडते. यंदा तलावातील सर्व वनस्पती काढून टाकावी व गवत्या मासा सोडावा, असा विचार तेथे चालला होता. हा मासा 1959 साली परदेशातून भारतात आणला गेला. पाण्यातील वनस्पती हेच त्याचे अन्न. तो लवकर वजन धरतो, जाळे मोकळे फिरते, व्यापारी रोख पैसे देतो. संस्थेच्या तरुण सभासदांवर कर्ज आहे, मुलांची फी आहे. त्यांचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही.

पण त्या तलावातील मोठी मासळी संस्थेची, आणि झिंगे बायकांचे. सांजवेळी कडेकडेने हातजाळी फिरवून त्या ओंजळ-दोन ओंजळी झिंगे घरी नेतात. त्याची नोंद कोणत्याच वहीत नाही. वनस्पती गेली तर प्रथम जाईल ती ही ओंजळ, आणि ज्या घरी विकत मासळी येत नाही त्याच घरातून जाईल. माझ्या मते संस्थेच्या हिशेबात ही बाब आली पाहिजे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागातील ढिवरांनी उलट वाट धरली आहे. त्यांनी तलावाचा काही भाग उन्हाळ्यात नांगरून माजलेली बेशरमाची झुडपे काढली, आणि पाण्यातील देशी वनस्पती आपल्या हाताने लावल्या. त्या कामात बायका पुढे होत्या. देशी मासळी पुन्हा वाढली, असे ते लोक सांगतात.

ही माहिती बाबांनी संस्थेच्या बैठकीत सांगितली. बैठक लांबली, शब्दास शब्द लागले. अखेर असे ठरले की, यंदा गवत्या मासा सोडू नये आणि उगवतीकडील कडेची वनस्पती तशीच ठेवावी. हद्द दाखविण्यासाठी चिखलात बांबू रोवले गेले. दुसऱ्या दिवशी बायका काठावर जमल्या, त्यांनी ते बांबू नीट न्याहाळले, आणि हद्द आणखी वीस हात आत सरकवावी म्हणून त्या अडून बसल्या आहेत.