त्या रात्रीचा गृहपाठ

घोडा काळा, घोडी कुमैत, तर शिंगरू कोणत्या रंगाचं होणार? आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाच्या पोराला या प्रश्नानं झपाटलं होतं. असलं वेड डोक्यात घेऊन हिंडणाऱ्या पोरांबद्दल मला मुळातच माया वाटते. वडिलांची अलाबामात शेती होती. तिथल्या घोड्यांच्या वंशावळी हा मांडत बसायचा. 1908 साली तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आला. आनुवंशिकतेच्या मेंडेलच्या नियमांवरचं एक पुस्तक हाती पडलं आणि घोड्यांच्या रंगांचं कोडं उलगडू लागलं. थोरला भाऊ भाषाशास्त्रज्ञ. तोच म्हणाला, हे लिहून काढ आणि मॉर्गनसाहेबांना दाखव.

थॉमस हंट मॉर्गन म्हणजे नावाजलेले प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी लेख वाचला, छापायला पाठव म्हणाले, आणि वर पोराला आपल्या प्रयोगशाळेत एक टेबल दिलं. माझं मन या टेबलापाशीच घुटमळतं. पाठ थोपटणारे पुष्कळ भेटतात, बसायला जागा कोण देतं?

आणि जागा तरी केवढी! 16 बाय 23 फुटांची खोली, त्यात आठ टेबलं. ओळीनं दुधाच्या बाटल्या, बाटल्यांत कुसकरलेली केळी आणि केळ्यांवर माश्या. आपल्या स्वयंपाकघरात पिकल्या फळांभोवती घोंगावतात ना, तीच चिलटं. तो आंबूस वास कपड्यांत मुरत असणार. बाटल्या धुण्याचं काम कॅल्विन ब्रिजेस या दुसऱ्या विद्यार्थ्याकडं होतं. जाड काचेतून त्याला एका माशीचे डोळे शेंदरी दिसले, आणि तोही माश्यांवरून आनुवंशिकता अभ्यासण्याच्या कामात ओढला गेला. छटा टिपण्यात ब्रिजेसचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्टर्टेव्हंट तर चक्क रंगांध!

पण 1911 च्या अखेरीस मॉर्गनांशी बोलता बोलता त्यालाच काहीतरी दिसलं. काही गुण पिढ्यानपिढ्या जोडीनं चालतात, काहींची ताटातूट होते. गुण ठरवणारी दोन जनुकं पेशीतल्या गुणसूत्रावर एकमेकांपासून जितकी लांब, तितकी ताटातूट जास्त. मग ताटातुटीच्या प्रमाणावरून अंतर का मोजू नये? घरी जाऊन त्यानं कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारला आणि जवळजवळ रात्रभर जागून जनुकांचा पहिला नकाशा काढला. पिवळं अंग, पांढरे डोळे, शेंदरी डोळे, इवले पंख, सगळे एका रेषेवर, हमरस्त्यावरच्या गावांसारखे, मधल्या अंतरांसकट. गृहपाठ बुडवणाऱ्यांची बाजू मी नेहमीच घेत आलोय. इतका भक्कम दाखला दुसरा नाही.

1913 साली तो नकाशा छापून आला. लेखावर नाव एकट्या स्टर्टेव्हंटचं. शिष्याच्या कामावर आधी स्वतःचं नाव घालणारे मार्गदर्शक पाहिलेल्या माणसाला ती एका नावाची ओळ डोळे भरून पाहावीशी वाटते.

पुढं 1933 साली मॉर्गनांना नोबेल मिळालं. त्या पैशांचे त्यांनी वाटे केले: आपल्या मुलांच्या शिक्षणाला, ब्रिजेसच्या मुलांच्या आणि स्टर्टेव्हंटच्याही.