फाटकाचा आकडा

मराठी माणसाला दार बंद ठेवण्याचा पहिला धडा चिमणीने दिला. बाहेर धो धो पाऊस, कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलेलं, बिचारा भिजत दार ठोठावतोय आणि ही बाई आतून एकेक सबब सांगतेय. बाळाला न्हाऊ घालायचंय, अंग पुसायचंय, तीट लावायचीय! चिमणीच्या दाराला कडी होती की अडसर, हे गोष्टीत कुठेच सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दार कुणाला, कधी आणि किती वेळाने उघडायचं हे घरातली बाई ठरवत होती, आणि त्यापेक्षा पक्की यंत्रणा अजून कुणी काढलेली नाही.

दाराला अक्कल देण्याचा उद्योग मात्र माणूस फार दिवसांपासून करतोय. अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नावाच्या गृहस्थाने पहिल्या शतकातच देवळाची दारं आपोआप उघडायची युक्ती लिहून ठेवली. वेदीवर अग्नी पेटवला की खालची हवा तापून फुगायची, ती पाणी ढकलायची, पाणी बादलीत पडायचं आणि जड झालेली बादली दोरी ओढून दारं उघडायची. भक्तांना वाटायचं, देव प्रसन्न झाला! अलिबाबाच्या गुहेला तर नुसता एक शब्द पुरे होता, तीळ. पण अलिबाबाचा भाऊ कासिम आत गेला आणि नेमकं तेवढंच धान्य विसरला. बाकी सगळं वाण्याचं दुकान त्याला पाठ होतं. यंत्रणा उत्तम होती, माणूस विसरला. हजार वर्षांत या क्षेत्रात एवढीच प्रगती झाली आहे की शब्दाऐवजी आकडे आले.

ते आकडे गेल्या उन्हाळ्यात आमच्याही घरी आले.

आमचं घर सीताबर्डीला, मेन रोडच्या मागच्या एका गल्लीत. ज्यांनी बर्डी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: नागपुरात कुणाला काहीही घ्यायचं असलं की तो बर्डीवर येतो, आणि काही घ्यायचं नसलं तरीही येतो. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका एकमेकींना भेटतात त्याही इथेच. ही सगळी मंडळी गाड्या कुठे ठेवतात? आमच्या अंगणात. "पाच मिनिटांत येतो जी काकाजी," असं म्हणून गेलेला माणूस लग्नाचा बस्ता बांधून दोन तासांनी परततो. मग आपली गाडी बाहेर काढायला आपणच त्याची परवानगी घ्यायची! एकदा तर एका गृहस्थांनी मलाच विचारलं, "तुम्ही कोणाकडे आले?"

तेव्हा फाटक बंद ठेवायचं ठरलं. दोन पाखांचं फाटक उघडायला गल्लीत जागा नाही, म्हणून बाजूला सरकणारं घ्यावं लागलं. त्याच्या बुडाशी दात्यांची लांब लोखंडी पट्टी असते. मोटरचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकतं आणि फिरलं की फाटक सरकतं. कुठे थांबायचं ते टोकांना लावलेली लोहचुंबकं सांगतात. वाटेत कुणी आलं तर दोन खांबांमधला अदृश्य किरण तुटतो आणि फाटक थबकतं. एवढं झाल्यावर बाहेरच्या भिंतीवर कीपॅड लावायचा. तो बिनतारी, म्हणजे भिंत फोडायला नको. आत सेल घातले की झालं. आपण आकडे दाबायचे, त्याने रेडिओलहरींवर मोटरला निरोप धाडायचा. चांगल्या यंत्रात हा निरोप दर वेळी वेगळा असतो, म्हणजे चोराने हवेतून निरोप टिपून ठेवला तरी दुसऱ्या वेळी तो शिळा झालेला असतो. आमच्याकडे निरोप पोचवायला आत्यांचा धाकटा होता. त्याचाही निरोप दर वेळी वेगळा असे, पण त्याला कुणी सुरक्षा म्हटलं नाही.

फिटर आला तो जेमतेम बावीस वर्षांचा पोरगा. सोबतच्या पुस्तिकेतलं इंग्रजी कुठल्या देशात बोलतात ते कळायला मार्ग नव्हता. पण त्याला तिची गरजही नव्हती. "टेन्शन नका घेऊ काकाजी, होऊन जाते ना," असं म्हणून त्याने पुस्तिकेची घडी करून शिडीच्या डुगडुगत्या पायाखाली घातली. कीपॅड पश्चिमेच्या भिंतीवर नको, हे मात्र त्याने स्वतःहून सांगितलं. नागपूरच्या मे महिन्यात तिथे बटण दाबलं तर आकड्याआधी बोटाला चटका. म्हणून छज्जाखाली, सावलीत, छातीच्या उंचीवर तो बसला.

आता मोटरशी ओळख. हा विधी साखरपुड्यासारखा असतो. मोटरच्या पेटीत एक इवलंसं बटण असतं. ते दाबलं की तांबडा दिवा लागतो, म्हणजे मोटर ऐकायला तयार झाली. दिवा विझायच्या आत बाहेरच्या कीपॅडवर आकडा दाबायचा. मोटरने तो एकदा ऐकला की जन्माची गाठ. अडचण एवढीच की पेटी आत, कीपॅड बाहेर आणि मध्ये बंद फाटक. फिटर बटण दाबून, फाटकावर चढून, पलीकडे उडी मारेपर्यंत दिवा विझायचा. तीन उड्या झाल्यावर त्याने मला पेटीपाशी बसवलं आणि स्वतः बाहेर उभा राहिला.

"दाबा जी काकाजी!"

"दाबलं!"

"दिवा लागला काय?"

"लागला!"

"मी नंबर टाकून राहिलो. पहिला चार! मग नऊ! मग..."

फाटक सरकलं. गल्लीत टाळ्या वाजल्या. समोरच्या पानठेल्यावर खर्रा घोटायचं काम थांबवून पाचसहा मंडळी हा सोहळा बघत होती. संध्याकाळी ठेलेवाल्याने मला अदबीने थांबवलं. "काकाजी, तो चार-नऊवाला आकडा ओपनचा हाय का क्लोजचा?" त्याला वाटलं मटक्याचा आहे. मी म्हटलं, "ओपनचाच." फाटकाचा होता, म्हणजे खोटंही नव्हतं.

अर्थात आकडा बदलणं आलं. रात्री जेवणानंतर समिती बसली. चार आकडी क्रमांक, म्हणजे चार शून्यांपासून चार नवांपर्यंत दहा हजार शक्यता. दहा हजारांतला एक निवडायला चार माणसांना किती वेळ लागावा? आमचे दोन तास गेले. १२३४ हा जगात सर्वांत लाडका, म्हणून बाद. जन्मसालं बाद, कारण चोर पहिल्यांदा तीच दाबून बघतो. लग्नाची तारीखही बाद. ती गल्लीभर ठाऊक, दरवर्षी सगळ्यांना जेवायला बोलावतो ना. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इतिहासाचे मास्तर म्हणाले, "१८१७ ठेवा. सीताबर्डीची लढाई!" सूचना भारदस्त होती. आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने २६ आणि २७ नोव्हेंबरला इंग्रजांशी याच टेकडीवर लढाई दिली. पण ही म्हणाली, "त्या लढाईत आपण हरलो ना? मग हरल्याचा आकडा दाबून रोज घरात यायचं?" मास्तर गप्प झाले. बर्डीचा किल्ला तसाही सैन्याच्या ताब्यात. सामान्य माणसाला त्याचं दार वर्षातून मोजकेच दिवस उघडं असतं. फाटकाने तेवढा आदर्श समोर ठेवणंही परवडलं नसतं.

पुण्याहून चिरंजीवांनी फोनवर ज्ञान दिलं. कुठलेही असंबद्ध आकडे घ्या आणि अधूनमधून बदलत राहा. कारण रोज तीच चार बटणं दाबली की ती झिजतात. मग चोराला चार आकडे आयतेच कळतात आणि नुसता क्रम शोधायचा उरतो. चार वेगवेगळ्या आकड्यांचे क्रम किती? फक्त २४! म्हणजे दहा हजारांची तटबंदी अंगठ्याच्या घामाने चोविसांवर येते.

पण चारच आकडे का, सहा का नाहीत? याचं श्रेय एका गृहिणीला आहे. बँकेच्या भिंतीतून पैसे देणारं यंत्र जॉन शेफर्ड-बॅरन यांनी बनवलं, २७ जून १९६७ रोजी लंडनच्या उत्तरेला एनफिल्डमध्ये ते सुरू झालं. गृहस्थ जन्माने आपल्या शिलाँगचे. त्यांना स्वतःचा सहा आकडी लष्करी क्रमांक पाठ होता, म्हणून गुप्त क्रमांकही सहाच आकड्यांचा ठेवायचा बेत होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, मला चारच लक्षात राहतात. ही हकीकत त्यांनीच सांगून ठेवली आहे. तेव्हा यंत्राने माणसापुढे किती मागावं याची हद्द शेवटी स्वयंपाकघरातच ठरली.

असंबद्ध आकडे ठरले. कामाच्या मावशींना भीत भीत सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "राहते लक्षात. पाच बिल्डिंगांचे राहतात, तुमचाच काऊन नाही राहणार?" कीपॅडमध्ये प्रत्येकाला वेगळा आकडा देता येतो आणि नको तेव्हा काढून टाकता येतो, ही सोय मी त्यांना समजावली. त्यांनी दया आल्यासारखं माझ्याकडे बघितलं. सबंध गल्लीच्या किल्ल्या ज्या बाईच्या डोक्यात आहेत तिला आपण किल्ली काढून घ्यायची भाषा करतो!

यंत्र नवं असताना बारीकसारीक गमती होतातच. लाइन गेली की फाटक हातानं सरकवायची किल्ली पेटीत आणि पेटी आत, म्हणून मोटरला बॅटरी जोडून घेतली. एक गाय भर दुपारी दोन खांबांच्या मधोमध, अगदी किरणातच, रवंथ करत उभी राहिली. फाटक मिटायला निघालं की किरण सांगे, थांब. गाय थांबलेलीच होती. अर्धा तास ते दोघं एकमेकांचा मान राखून उभे होते.

खरा प्रश्न निघाला तो आईचा. आई चौऱ्याऐंशीची. पहाटे टेकडीच्या गणपतीला जाऊन येते. पाय ठणठणीत आहेत. अलीकडे स्मरण तेवढं दगा देतं. सकाळी काय जेवलो ते दुपारी आठवत नाही, धाकट्या नातवाला मोठ्याच्या नावाने हाक मारते. आकडा तिला रोज सांगितला, कागदावर लिहून पिशवीत ठेवला. मग कागद देवापुढे राहिला. एका सकाळी आम्ही सगळे आत आपापल्या कामात. आठ वाजून गेले तरी आई नाही. बाहेर जाऊन बघतो तर ती पानठेल्याच्या स्टुलावर बसलेली, मांडीवर दूर्वांची पिशवी. ठेलेवाल्याने पाणी दिलं होतं. घंटी का नाही वाजवली, तर म्हणाली, "माझ्याच घराची मी घंटी वाजवू? पाहुणी आहे का?"

तिला घेऊन आत आलो. कुणीच काही बोललं नाही. साठ वर्षांपूर्वी माप ओलांडून ती या घरात आली, तेव्हापासून फाटकाने तिला काही विचारलं नव्हतं. आता रोज सकाळी ते तिची परीक्षा घेत होतं, आणि ती नापास होत होती. ही म्हणाली, "काढून टाका तो कीपॅड." मी म्हटलं, "मग गाड्या?"

उपाय दोन दिवसांनी सापडला, तोही वाण्याच्या हिशेबात. तीन रुपये पन्नास पैशांची कसलीशी पाकिटं होती, सहा. मी मोबाइल शोधेपर्यंत आई माळ ओढता ओढता म्हणाली, "एकवीस." मी चमकून बघितलं. म्हटलं, "आठ असती तर?" "अठ्ठावीस. औटकी आहे ना!"

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे सगळं तिच्या वेळी शाळेत घोकून घेत. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पाव-निम-पाऊणच्या पाढ्यांचं राज्य खालसा होत गेलं. आजच्या पोराला औट म्हणजे क्रिकेटमधलं वाटतं. पण आईच्या डोक्यातून नातवांची नावं निसटली तरी औटकी जागच्या जागी आहे, भिंतीतल्या खुंटीसारखी. तेव्हा औटकीतली दोन पूर्ण उत्तरं शेजारी शेजारी ठेवली आणि झाला चार आकडी क्रमांक. कोणती दोन ते सांगत नाही. तेवढा सुज्ञपणा त्या फिटरनेही पुढच्या वेळी दाखवला. नवा आकडा त्याने तोंड दाबून टाकला.

आता पहाटे फाटकापाशी पुटपुट ऐकू येते, चार टिकटिक होतात आणि फाटक सरकतं. आई आत येते ती मान वर करून, पहिला नंबर आल्यासारखी. आपल्या संतांनी माणसाच्या देहाला औट हात म्हटलं आहे. साडेतीन हातांच्या देहाला घरात घ्यायला साडेतीनचाच पाढा लागावा, हे मला फार योग्य वाटतं.

सुरक्षेचं म्हणाल तर मी निर्धास्त होतो. औटकी येणारा चोर नागपुरात शिल्लक नसावा. पण परवा बघतो तर ठेलेवाल्याची सात वर्षांची मुलगी आमच्या ओट्यावर बसलेली आणि आई तिच्याकडून पाढे म्हणून घेतेय. पावकी, निमकी झाली होती, सवायकी चालू होती. गल्लीतली आणखी दोन पोट्टी पाटी घेऊन आली आहेत. या वेगाने दिवाळीपर्यंत औटकी येईल आणि गल्लीतलं पोरगं न् पोरगं आमचं फाटक उघडू शकेल. चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, आकडा बदला."

बदलणार नाही. औटकी पाठ करून जो घरात येईल त्याला चोर कसं म्हणायचं? त्याला चहा द्यायला हवा.