दीड किलो

परवा हापिसात दुपारच्या सुट्टीत माझा स्वतःचा लॅपटॉप उघडून बसलो होतो. नवीन लागलेला एक पोरगा आला, त्याने तो उचलून पाहिला, उलटा केला, पुन्हा सरळ केला आणि अत्यंत आदबीने विचारलं, "सर, हा चालतो?"

चालतो म्हटलं.

"पण रोज?"

रोज. २०११ पासून. पोरगा तेव्हा बहुतेक प्राथमिक शाळेत असेल. त्याला उत्तर देण्यात अर्धी सुट्टी गेली, तरी नीट सांगता आलं नाही. म्हणून आता इथे.

तर हा थिंकपॅड एक्स२२०. साडेबारा इंची पडदा, आत दुसऱ्या पिढीचा आय५. मी घेतला तेव्हा लॅपटॉप म्हणजे साडेपंधरा इंच असं आपल्याकडे जवळजवळ ठरलेलंच होतं. दुकानदाराने दोनदा विचारलं, "एवढ्या पैशात मोठा येतोय की, सर?" त्याचंही बरोबर होतं. वस्तू पैशाच्या मानाने किती भरते हे आपण आधी बघतो, आणि मी तर जास्त पैसे देऊन कमी वजन विकत घेत होतो! घरी आणल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवला. सहा सेलच्या बॅटरीसकट दीड किलोच्या आसपास. वाणी म्हणाला, "भाव काय लावू?"

कारण साधं होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून एसटी पकडून साताऱ्याला जायचो, आई-बाबा तिकडे. कंपनीने दिलेलं धूड चार्जरसकट तीन किलोच्या वर जायचं आणि खांद्याला पट्ट्याचे वळ पडायचे. बरं, एसटीत ते उघडायचीही सोय नाही. पुढच्या माणसाने पाठ टेकली की पडदा अर्धाच उघडणार. शेवटी शेवटी मी ते पुण्यातच ठेवून जायला लागलो, आणि सोमवारी पहाटेपर्यंतची सगळी कामं मनात घोळवत बसायचो.

नवा लॅपटॉप मांडीवर मावायचा. खंबाटकीच्या वळणांवर टचपॅडवर बोट फिरवणं म्हणजे थट्टाच, पण कीबोर्डच्या मधोमध असलेला तो लाल ठिपका दाबून धरला की हात जागेवर राहतो आणि बाण बरोबर जातो. टचपॅड मी पहिल्याच महिन्यात बंद केला, तो आजतागायत बंद आहे. आणि कीबोर्ड! सात ओळींचा, खोल बटणांचा. एक्स मालिकेतला तसा हा शेवटचाच, २०१२ च्या एक्स२३० पासून सहा ओळींची सपाट बटणं आली. (यावर मी तासभर बोलू शकतो. बायको साक्षीदार आहे.)

हलकं करायचे मार्ग दोन. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला, १.३६ किलोचा. बघून माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. पण त्यातली रॅम बोर्डावरच डकवलेली होती, जन्मभर २ जीबी, आणि बॅटरी आतच बंद. पुढे बहुतेक सगळेच त्या वाटेने गेले. माझा हा जाडजूड आहे, देखणा तर अजिबात नाही. पण बॅटरी मागून खटका सरकवून निघते, रॅमला एक झाकण, डिस्कला दुसरं झाकण. त्यामुळे ४ जीबीची ८ जीबी झाली, फिरती डिस्क जाऊन एसएसडी आली, आणि तीही पुढे एकदा बदलली. प्रत्येक वेळी अर्धा तास आणि एक स्क्रू ड्रायव्हर.

एकदा चहा सांडला. दूध-साखरेचा, आपला. कीबोर्डखालून पाणी खाली वाहून जायला मार्ग दिलेला आहे, त्यामुळे बोर्ड वाचला. पण साखर कशी वाहून जाणार? 'एस' आणि 'डी' जोडीनेच उमटायला लागले. तपकीर गल्लीत फिरून दुसरा कीबोर्ड मिळवला. लॅपटॉपच्या बुडाशी ज्या स्क्रूंजवळ कीबोर्डचं छोटं चित्र कोरलंय, तेवढेच काढायचे. कुणीतरी, कुठेतरी बसून, हा माणूस एक दिवस चहा सांडणार असा विचार करून ते चित्र काढलं होतं याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

बॅटरीच्या बाबतीत मात्र माती खाल्ली. दुसरी बॅटरी स्वस्त म्हणून नकली घेतली, सात महिन्यांत बसली. तिसरी बरी घेतली आणि शहाणा झालो. लिथियम-आयन बॅटरीला सतत १०० टक्क्यांवर राहणं आणि गरम होणं या दोन्हींचा जाच होतो, म्हणून ८० वर चार्जिंग थांबेल असं लावून ठेवलं. ती अजून बऱ्यापैकी टिकून आहे.

पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ते वेगळंच.

२०१५ च्या पावसाळ्यात बाबा साताऱ्याला इस्पितळात होते. नऊ रात्री मी त्यांच्या उशाशी. निघताना पिशवीत लॅपटॉप टाकला होता, तो काही विचार करून नाही. नेहमीच असायचा म्हणून. दहाला वॉर्डातले दिवे जायचे. या थिंकपॅडला पडद्याच्या वरच्या कडेला एक बारीक दिवा आहे, तो नुसता कीबोर्डवर प्रकाश पाडतो. पडद्याचा उजेड अगदी कमी करायचा, तो दिवा लावायचा, शेजारच्या खाटेवरचाही जागा होत नाही.

तिसऱ्या रात्री बाबा म्हणाले, "काय बडवतोयस रे?"

हापिसचं काम म्हटलं.

"मग माझंही थोडं घे की लिहून."

आणि सांगायला लागले. विहिरीतला आपला हिस्सा किती, पाण्याच्या पाळ्या कुणाच्या कोणत्या वारी, कोणता बांध कधी सरकला आणि कुणी सरकवला. मग कुठला आंबा आजीने लावला, कोणाचे पैसे द्यायचे राहिले, कोणाकडून यायचेत आणि कोणाकडून मागायचे नाहीत. हे शेवटचं दोनदा सांगितलं. धाप लागली की थांबायचे. मी न बोलता थांबायचो. सहा रात्री असं चाललं. त्याआधी आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो.

'बाबा' नावाची फाइल आहे, ३८ केबीची. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, म्हणजे ढोबळ बारा-तेरा हजार चिन्हं. बाबा त्या खेपेला घरी आले, २०१८ ला गेले. फाइल तीन डिस्कांवरून पुढे आली आहे. अर्थात तिच्या प्रती इतर चार ठिकाणी आहेत, मी इंजिनियर आहे. पण तीन किलोचं धूड असतं तर ते पुण्यात राहिलं असतं आणि ही फाइलच नसती. फोनवर एवढं मराठी मला तेव्हा टाइप करता येत नव्हतं, आणि वही काढली असती तर बाबा गप्प झाले असते. वही म्हणजे मृत्युपत्र असं त्यांना वाटलं असतं.

आता सगळं गोडच आहे असं नाही. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० ला संपला, तेव्हापासून यावर डेबियन आहे. यूट्यूबवरचे नव्या पद्धतीने दाबलेले व्हिडिओ उलगडायची यंत्रणा त्या जुन्या चिपमध्ये नाही, मग सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं आणि पंखा असा फिरतो की बायको विचारते, मिक्सर कुणी लावला? हापिसचं काम मी हापिसच्या यंत्रावरच करतो. हा फक्त लिहिण्यासाठी, मेलसाठी आणि माझ्या किडुकमिडुक प्रोग्रॅमांसाठी. बटणांवरची बरीच अक्षरं पुसली गेलीत, पण ती इंग्रजी होती आणि मी मराठी इनस्क्रिप्टने टाइप करतो, तेव्हा काही बिघडत नाही.

पोरगा जाता जाता म्हणाला, "सर, आता याहून निम्म्या वजनाचे येतात." हातात घेऊन पाहिलाय मी एक. खरंच छान आहे. रॅम डकवलेली.

हे एसटीत लिहितोय. बॅटरी ४१ टक्के, घाट सुरू झाला आहे आणि पुढच्या माणसाने आत्ताच पाठ टेकली. पडदा पूर्ण उघडा आहे.