कोंबड्याचं पीस आणि तीर्थनचं पाणी

हुपरीच्या माणसाला प्रवासाचं नवल नाही. आमच्याकडचे चांदीचे पैंजण नि वाळे घेऊन पुरुषमंडळी थेट उत्तरेपर्यंत जातात. त्यांच्या बायकांचा प्रवास म्हणाल, तर जोतिबा, पंढरपूर आणि माहेर! म्हणून आमचे हे "यंदा हिमाचलात मासे धरायला जाऊ" म्हणाले, तेव्हा मी लगेच बजावलं, "काठावर डबा राखत बसणार नाही हं! गळ माझ्याही हाती हवा."

ठिकाण ठरलं कुलू जिल्ह्यातली तीर्थन नदी. तिथला ट्राउट हा मूळचा विलायती मासा. १९०९ साली तो कुलूच्या थंड पाण्यात आणून सोडला आणि तिथंच रमला. त्याला गांडूळच हवं असं नाही. गळाला पीस नि दोरा गुंडाळून खोटा किडा करायचा आणि तो अलगद पाण्यावर टाकायचा. ह्यांनी पहिला किडा घरीच केला. गावठी कोंबड्याचं पीस आणि पैंजणाची उरलेली बारीक तार! फेकण्याचा सराव गच्चीवर. पहिल्याच दिवशी दोर शेजारच्या वहिनींच्या वाळत्या साडीत! गळ लावला नव्हता म्हणून निभावलं.

खरी अडचण तारखांची. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर विणीचा काळ, तेव्हा मासेमारी बंद. मार्च-एप्रिल उत्तम, पण तेव्हा परीक्षा. मे सरता सरता बर्फ वितळून पाणी गढूळ होतं. म्हणून मेचा पहिला आठवडा पक्का केला.

तुम्हीही जाणार असाल, तर मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून मनालीच्या बसनं औट, पुढं बंजारवरून गुशैणी. मत्स्यविभागाचा परवाना आधी काढावा. वरचं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान २०१४ पासून जागतिक वारसा आहे, तिथं गळ टाकायचा नाही. मे असला तरी स्वेटर हवाच. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घ्यावं.

मुलं सासूबाईंजवळ राहणार, म्हणून त्यांना सगळं सांगितलं. मासा धरून परत सोडणार हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "धरायचा आणि सोडायचा? मग एवढे पैसे घालवून जायचं कशाला?"

मला उत्तर सुचेना. रात्री भिशीचे पैसे मोजताना लक्षात आलं, लग्नाला बारा वर्षं झाली, पण धंदा, नवस किंवा कुणाचं लग्न असल्याशिवाय आम्ही दोघं कुठं गेलोच नाही. सकाळी त्यांना तेच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी मात्र हळूच म्हणाल्या, "तिकडं थंडी फार असते का गं?" आणि ट्रंकेतली आपली लोकरी शाल काढून माझ्या हातात दिली.