फोटोचा मुख्य रंग

हल्ली मोबाईलवर गाणं लावलं की मागचा पडदा चित्राशी जुळणारा रंग घेतो. हा रंग ठरवतं कोण? नातवाला विचारलं. "आजोबा, तुम्हीच करून बघा," म्हणत त्याने संगणकावर पायथॉन घालून दिलं.

फोटो घेतला आमच्या अक्काचा. १९८४ सालचा, रंगीत, स्कॅन केलेला. मागे चुन्याची पांढरी भिंत, खाली सारवलेलं अंगण, अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. अक्का जाऊन बरीच वर्षं झाली.

फोटो म्हणजे शेवटी ठिपक्यांची रांगोळीच. आमच्या फोटोत १२०० गुणिले ८००, म्हणजे ९ लाख ६० हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे: तांबडा, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५.

पहिला उपाय सरासरीचा. शाळेत जन्मभर तेच केलेलं! उत्तर आलं मळकट खाकी. गंमत म्हणजे हा रंग फोटोत कुठेच नव्हता. निम्म्या वर्गाला ९० आणि निम्म्याला ३० गुण पडले तर सरासरी ६० येते, पण साठवाला मुलगा वर्गात एकही नसतो, तसंच हे.

दुसरा उपाय मोजणीचा. पण एकाच भिंतीवर उजेड-सावलीमुळे ठिपक्यागणिक आकडे बदलतात आणि मतं फुटतात. म्हणून प्रत्येक आकड्याचे १६ भाग पाडले. असे ४,०९६ खण झाले आणि जवळजवळचे रंग एकेका खणात गेले. निवडून आली भिंत!

तिसरा उपाय के-मीन्स. हे नाव जेम्स मॅक्वीन यांनी १९६७ साली दिलं. आपण आधी सांगायचं, गट पाच. मग पाच रंग प्रमुख म्हणून घ्यायचे, प्रत्येक ठिपका जवळच्या प्रमुखाकडे पाठवायचा, गटाची सरासरी हा नवा प्रमुख, आणि पुन्हा वाटणी. प्रमुख हलेनासे झाले की थांबायचं. इथेही सरासरीच, पण सारख्यांची. भिंत, अंगण, लुगडं, केस, सगळे आपापल्या गटात नीट बसले.

कुंकू मात्र कुठेच नाही. गट बारा केले, तरी ते अंगणाच्या तपकिरीत विरून गेलं. हजारात एक ठिपकासुद्धा त्याच्या वाट्याचा नव्हता.

नातू म्हणाला, "पांढरा वगळू, भडक रंगाला जास्त वजन देऊ." तसं केलं. लुगड्याचा हिरवा पहिला आला. म्हणजे कुणाला किती वजन द्यायचं ते माणसानेच सांगायचं, यंत्र इमानदारीने मोजून देणार. त्याचा काही दोष नाही. त्याने अक्काला पाहिलेलं नाही. मला मात्र अक्का म्हटलं की आधी कुंकूच दिसतं.

तुमच्याकडे असा एखादा जुना फोटो असेल, तर आधी डोळे मिटून त्याचा रंग आठवा आणि मगच संगणकाला विचारा. काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा.