बोलणारे सोंग

परभणीहून पूर्णेकडे निघालेली पॅसेंजर गाडी परभणी सोडल्यावर पहिल्यांदा थांबते ती पिंगळीला. माझे बालपण त्या गावात गेले. 'पिंगळी' म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना कुडाळजवळची पिंगुळी आठवेल. तिथले चित्रकथी आणि तिथल्या कळसूत्री बाहुल्या आठवतील. ते गाव निराळे. आमच्या पिंगळीत बाहुल्या नव्हत्या. आमच्याकडे सोंगे स्वतःच्या पायांनी चालत येत आणि दारात उभी राहून आपल्याशी बोलत.

सुगी आटोपली, जोंधळा घरात आला की बहुरूपी येई. मी सात-आठ वर्षांचा असेन. एका सकाळी अंगणात शिट्टी वाजली. खाकी कपडे, डोक्यावर टोपी, हातात रंगवलेला दंडुका आणि मनगटावर बंद पडलेले घड्याळ अशा थाटात एक हवालदार उभा होता. त्याने खिशातून एक जुना कागद काढला आणि आजीला दरडावून म्हटले, "म्हातारे, तुझ्या कोंबड्यानं पहाटे आरवून सरकारची झोप मोडली. वॉरंट निघालंय. कोंबडा हजर कर, न्हाईतर पायलीभर जोंधळ्याचा जामीन दे!" आजी पदर तोंडाला लावून हसू लागली. मी मात्र कणगीच्या मागे दडलो होतो, कारण आदल्याच दिवशी शेजारच्या मळ्यातली बोरे मी चोरली होती. त्याने माझी हलणारी सावली पाहिली असावी. "ह्या घरात आणखी एक आरोपी हाय," तो म्हणाला. मी रडत बाहेर आलो आणि सगळे कबूल करून टाकले.

अंगणातले सारे हसले. तो हसला नाही. त्याने माझा जबाब त्या कागदावर लिहून घेतल्यासारखे केले आणि गंभीर आवाजात शिक्षा सुनावली : "उरलेली बोरं मळेवाल्याच्या नातवासंगं वाटून खायची." दुसऱ्या दिवशी दारात महादेव आला. अंगाला राख, गळ्यात कापडी नाग, हातात पत्र्याचा त्रिशूळ. भिक्षा घेऊन वळताना तो माझ्यापाशी थबकला आणि हळूच म्हणाला, "शिक्षा भोगलीस का रं?" मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी साध्या धोतर-सदऱ्यात एक थकलेला माणूस बिदागी मागायला आला. मी त्याला ओळखले ते आवाजावरून.

महादेव हाच कालचा हवालदार आहे, हे मला दुसऱ्याच दिवशी समजले होते. तरी माझी फसगत झाली असे मला वाटले नाही. आपण समजतो की लहान मुलांना सोंग खरे वाटते आणि म्हणून त्यांना त्याचा आनंद होतो. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. सोंग खोटे आहे हे ठाऊक असतानाही त्याने माझ्याशी केलेले बोलणे खरे होते. ते बोलणे माझ्यासाठी होते. माझ्या बोरांविषयी, माझ्या अपराधाविषयी होते. वेष बदलला, पण कालचा संवाद आज पुढे चालू राहिला. सोंगाचे मर्म या चालू राहण्यात आहे.

आपल्या साहित्याला हे मर्म फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 'ज्ञानेश्वरी'च्या तिसऱ्या अध्यायात बहुरूप्यांच्या राजाराणीचा दृष्टान्त येतो. त्यांच्या मनात पतिपत्नीचा भाव नसतो, तरी लोकांसमोर ते आपली भूमिका चोख वठवतात. अनासक्त कर्म समजावून सांगण्यासाठी ज्ञानदेवांना दारोदार फिरणारा कलावंत आठवला. पैठणच्या एकनाथांनी आपल्या भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी अशा फिरस्त्यांची सोंगे घेतली आणि त्यांच्या तोंडून लोकांना जागे केले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा'त अशा फिरस्त्यांची दखल घेतली, तीही बरीचशी गावावरचा भार म्हणून. आणि थोर नट चिंतामणराव कोल्हटकर यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ते 'बहुरूपी'. १९५८ साली त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. एकाच शब्दाच्या वाट्याला दृष्टान्ताचा मान, भाराचा दोष आणि नटाचा गौरव असे तिन्ही आले.

हे सारे मला पुन्हा आठवले ते गेल्या वर्षी, माझ्या नातीमुळे. तिला घेऊन आम्ही एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलो होतो. तेथे भल्या मोठ्या डोक्याचे, मखमली अंगाचे एक सोंग मुलांना भेटत होते. ऊन कडक होते. रांगेत बराच वेळ उभे राहिल्यावर आमची पाळी आली. नातीने त्या सोंगाचा पंजा धरला आणि विचारले, "तुझी शाळा कुठं आहे?" सोंगाने हात हलवला, मान डोलावली, पोट धरून हसल्यासारखे केले. तिने प्रश्न पुन्हा विचारला. शेजारी उभ्या असलेल्या सेवकाने छायाचित्र झाल्याचे सांगून आम्हांला पुढे सरकवले.

या मौनाला कारणे आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ साली सुरू झाले, आणि चित्रपटातली पात्रे उद्यानात येऊन मुलांना भेटू लागली. तेथे राजकन्येसारखी उघड्या चेहऱ्याची पात्रे बोलतात. पण मिकी माउससारखी, ज्यांचे सारे डोके मुखवट्याने झाकलेले असते, ती एरवी केवळ हावभाव करतात. मिकीचा आवाज जगभर ओळखीचा आहे, आणि मुखवट्याआडची माणसे मात्र पाळीपाळीने बदलतात. प्रत्येकाला तो आवाज कसा साधणार? त्यापेक्षा मौन बरे. आत घामाने निथळणारा तो कलावंतही पोटासाठीच राबत असतो. त्याला मी दोष देणार नाही. परंतु परतीच्या वाटेवर नातीने विचारले, "आजोबा, तो माझ्याशी का नाही बोलला?" तिच्या प्रश्नाचे उत्तर देताना मला माझेच एक मौन आठवले.

ते २०१८ सालच्या पावसाळ्याचे दिवस होते. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा भ्रमणध्वनीवरून गावोगाव पसरत होत्या. मी तेव्हा परभणीत राहत होतो. एका दुपारी आमच्या गल्लीत शिट्टी वाजली. खाकी कपडे, रंगवलेला दंडुका. त्याने पहिले वाक्य उच्चारले न उच्चारले तोच चार तरुणांनी त्याला घेरले. "आधार कार्ड दाखव." त्याने टोपी काढली. त्याचा हवालदारी आवाज विरून गेला आणि दबक्या स्वरात तो म्हणाला, "साहेब, मी बहुरूपी हाय. पिढ्यान्‌पिढ्या हेच करतो." मी दारात उभा होतो. पुढे होऊन 'मी यांना ओळखतो, हे आपले आहेत' एवढे म्हणणे मला जड नव्हते. मी बोललो नाही. सुदैवाने कोणी हात उगारला नाही. तो मान खाली घालून निघून गेला. त्याच सुमारास, १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना अशाच अफवेपायी जमावाने ठार मारले. ती बातमी वाचताना मला आमची गल्ली दिसत होती.

बहुरूपी समाज आपल्या राज्यात भटक्या जमातींच्या यादीत आहे. पण १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा गाणे, नाचणे, खेळ दाखवणे यांनाही भिक्षेचा बहाणा मानू शकतो. ज्याची कला हीच त्याची ओळख, त्याच्याकडे आपण कागद मागतो. त्याने सोंग टाकून स्वतःच्या नावाने गयावया करावी, असे आपण त्याला भाग पाडतो. पिंगळीच्या अंगणात सोंग बोलले, कारण आजी त्याला उत्तर देत होती. संवादाला दोन बाजू असतात. त्या दुपारी मुका मुखवटा माझ्या चेहऱ्यावर होता.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण दिवसभराचे काम उरकून रात्री हे पुस्तक उघडत असाल. लोकसाहित्य म्हणजे परीक्षेपुरता एक घटक, असे तेव्हा वाटणे स्वाभाविक आहे. एवढे मात्र करा. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारा की तुमच्या दारी कोणती सोंगे येत आणि ती काय बोलत. ते बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. आणि एखाद्या दिवशी तुमच्या गल्लीत शिट्टी वाजली, तर दार लोटू नका. हवालदाराला विचारा, वॉरंट कोणाच्या नावाचे आहे. तुम्ही विचारलेत, तर तो नक्की सांगेल.