धुऊन टाकलेली माती

कायगावच्या एका शेतात विहीर खणताना निघालेले पांढरे शिंपले मी अनेक वर्षं शाळेच्या कपाटात काचेच्या बरणीत जपले. बरणीवर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती: ‘कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याचा पुरावा’. गंगापूरच्या कितीतरी मुलांना मी हेच शिकवलं. ते चूक होतं.

भूशास्त्राच्या एका अभ्यासकाने त्यातला एक शिंपला माझ्या हातात ठेवला आणि उन्हात तिरपा धरायला सांगितलं. आतून मोत्यासारखी झाक दिसली. ही गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची जात, समुद्रात जगत नाही. गोदावरीच्या काठावर तिची आजची भावंडं आपण रोज तुडवतो. शिवाय आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि नदीचा गाळ त्यावर फार नंतर साचलेला. ती विहीर गाळातच होती, पाषाण लागलाच नव्हता. एवढा साधा विचार मी केला नव्हता.

तरी मनात होतं, प्रयोगशाळा नक्की वय सांगेल. एक तुकडा खलात कुटून त्याच्या पिठावर क्ष-किरण सोडले. आलेखात ॲरॅगोनाइटची शिखरं उमटली. शिंपला जिवंतपणी चुन्याचं हेच रूप घडवतो. जमिनीत पाणी मुरत राहिलं की त्याचं हळूहळू कॅल्साइट होतं, आणि त्या बदलात बाहेरचा कार्बन आत शिरतो. आमचा तुकडा बदलला नव्हता. मी हरखलो. पण ॲरॅगोनाइट टिकलं म्हणजे वय कळलं असं नाही. शिंपला कालमापनाला लायक आहे, एवढंच ठरतं. याउलट, नागपूरकडच्या लाव्हाथरांमधल्या गाळात फायसा नावाची डावीकडे वळलेली गोगलगाय सापडते. तिच्या कवचाची जागा जिथे गारेने घेतली आहे, तिथे आम्लाचा थेंब टाकला तर फेस येत नाही. तिचं वय वरखालच्या लाव्हावरून काढतात.

आमच्यासाठी कार्बन-१४ होता. तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगा उरत नाही. अडचण वेगळीच निघाली. आपल्या नदीच्या पाण्यात चुनखडीतला जुना कार्बन विरघळतो, शिंपला त्यातूनच कवच बांधतो, आणि खऱ्यापेक्षा म्हातारा दिसू शकतो. ही चूक काढायची तर त्याच थरातला कोळसा हवा. अभ्यासकाने विचारलं, “किती फुटांवर मिळाला? वाळूत की चिकण मातीत? शेजारी काय होतं?”

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. शिंपले घरी आणल्याबरोबर मी ब्रशने घासून, बादलीत धुऊन लख्ख केले होते. माती मोरीतून गेली होती.

इथे माझं मत बदललं. वय शिंपल्याच्या पोटात असतं, असं मी मानत होतो. ते बरंचसं त्याच्या भोवतालच्या थरात असतं. १८६५ साली पैठणजवळच्या मुंगीत भूशास्त्रज्ञ वाईन यांना गोदावरीच्या गोट्याखड्यांत अकीकाचा एक कपचा मिळाला. त्याच थरात लुप्त झालेल्या प्राण्यांची हाडं होती, म्हणून त्या कपच्याला मोल आलं. रस्त्यावर पडलेला तोच कपचा कुणी उचललाही नसता. हे उदाहरण मी वाचलं होतं, मुलांना सांगितलंही होतं, आणि स्वतः मात्र बादली घेऊन बसलो.

बरणीवरची चिठ्ठी बदलली आहे: ‘गोड्या पाण्यातले शिंपले. कायगाव. थर माहीत नाही.’ ज्या मुलांना समुद्र शिकवला, त्यातली भेटतील त्यांना हे सांगतो आहे.

गंगापूर तालुक्यात नदीकाठी विहीर, शेततळं, पाया खणताना शिंपला लागला, तर कृपा करून तो लगेच उपसून काढू नका. आधी भिंतीसकट फोटो घ्या, वरून किती फुटांवर आहे ते टेपने मोजून लिहा, आणि मातीच्या ढेकळासकट कागदात गुंडाळून ठेवा. धुऊ नका.